वाल्टर फ्लेमिंग

भाजी चिरताना बोटाला विळी लागते. थोडे रक्त जाते, बोट ठणकते, आणि आठ-दहा दिवसांनी पाहावे तो जखमेच्या जागी नवी, गुलाबी कातडी आलेली असते. ही कातडी येते कोठून? पेरलेले बी रुजते, रोपाचा वृक्ष होतो, पाळण्यातले मूल वाढून कर्ता पुरुष होते. वाढ होते म्हणजे नेमके काय होते? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठ्या पंडितांनाही या प्रश्नाचे नीट उत्तर देता येत नव्हते. सर्व सजीवांची शरीरे पेशी नावाच्या अतिसूक्ष्म घटकांची बनलेली आहेत, हे श्लायडेन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३८-३९ मध्ये सांगितले होते. नवी पेशी जुन्या पेशीपासूनच जन्मते, हा सिद्धांतही रूडॉल्फ फिर्खो याने १८५५ मध्ये ठामपणे मांडला होता. परंतु एका पेशीच्या दोन पेशी होतात तरी कशा, हे कोणी नीट पाहिले नव्हते. पेशीच्या आत केंद्रक नावाचा एक गोलसर भाग असतो. पेशी दुभंगताना हे केंद्रक विरघळून नाहीसे होते आणि मागाहून नव्याने जमते, असे काही म्हणत. ओल्या मातीच्या गोळ्यासारखे ते मध्ये दाबले जाऊन तुटते, असे दुसरे म्हणत. हा वाद ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आणि स्वतःच्या हातांनी चित्रे काढून मिटविला, तो वाल्टर फ्लेमिंग. पेनिसिलिनचा शोध लावणारा अलेक्झांडर फ्लेमिंग वेगळा. नामसादृश्यामुळे या दोघांची नेहमी गल्लत होते, म्हणून हे आरंभीच सांगितलेले बरे.

वाल्टर फ्लेमिंगचा जन्म २१ एप्रिल १८४३ रोजी उत्तर जर्मनीतील श्वेरीन या शहराजवळ झाक्सेनबेर्ग येथे झाला. त्याचे वडील कार्ल फ्रीड्रिख फ्लेमिंग हे तेथील मनोरुग्णालयाचे संचालक होते. वेड्यांना साखळदंडांनी जखडून ठेवण्याचा तो काळ. अशा वेळी हे रुग्णही इतरांसारखेच आजारी मनुष्य आहेत, त्यांना मायेने वागविले पाहिजे, असे मानणाऱ्यांपैकी वाल्टरचे वडील होते. अशा घरात मुलाच्या मनावर कोणते संस्कार झाले असतील, याची कल्पना आपण करू शकतो. श्वेरीनच्या शाळेत हाइनरिख झायडेल नावाचा मुलगा त्याचा सोबती होता. हा झायडेल पुढे अभियंता आणि लेखक म्हणून प्रसिद्धीस आला. दोघांची ही शाळेतली मैत्री जन्मभर टिकली.

वडिलांप्रमाणे वाल्टरनेही वैद्यक हाच विषय घेतला. गटिंगेन, ट्यूबिंगेन, बर्लिन आणि रॉस्टॉक अशा चार विद्यापीठांत शिकून १८६८ मध्ये तो पदवीधर झाला. १८७०-७१ मध्ये प्रशिया आणि फ्रान्स यांचे युद्ध पेटले, तेव्हा त्याने लष्करी डॉक्टर म्हणून काम केले. युद्ध संपताच तो पुन्हा विद्यापीठाकडे वळला. १८७३ पासून तीन वर्षे त्याने प्राग येथे अध्यापन केले आणि १८७६ मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, बाल्टिक समुद्राच्या काठी असलेल्या कील या बंदराच्या गावी तो शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याचे उरलेले सारे आयुष्य कील येथेच गेले. त्याच्या चरित्रात दूरचे प्रवास नाहीत, संकटांतून सुटका नाही, दरबारातले मानपान नाहीत. खोलीच्या खिडकीशी मांडलेले एक मेज, त्यावर सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, रंगांच्या कुप्या आणि चित्रे काढायचा कागद, एवढाच त्याच्या पराक्रमाचा मुलूख होता.

त्याच्यापुढची अडचण काय होती, हे समजल्याखेरीज त्याच्या कामाचे मोल कळावयाचे नाही. जिवंत पेशी जवळजवळ पारदर्शक असते. सूक्ष्मदर्शकाखाली ती ठेवली, तर तिचा आकार दिसतो, केंद्रकाची अंधूक सावली दिसते, पण आतील बारकावे दिसत नाहीत. पाण्याने भरलेल्या पेल्यात भिंगाचा तुकडा शोधावा, तसा तो प्रकार होतो. भिंगे कितीही चांगली असली, तरी ज्याला रंग नाही ते डोळ्यांना दिसणार कसे?

ही अडचण दूर झाली ती एका अनपेक्षित दिशेने. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याला, दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थांवर प्रयोग करीत असता, एक सुंदर जांभळा रंग योगायोगाने सापडला. मग डांबरातून नवनवे रंग काढण्याचे कारखाने युरोपभर निघाले. हे रंग कापड रंगविण्यासाठी होते. पण काही शास्त्रज्ञांनी त्यांत पेशीही बुडवून पाहिल्या. फ्लेमिंग त्यांपैकीच एक. त्याला आढळले की, काही रंग केंद्रकातील एका विशिष्ट द्रव्यालाच घट्ट धरून बसतात, बाकीची पेशी धुतली म्हणजे ती बहुतेक कोरी राहते. रंग पिणाऱ्या या द्रव्याला त्याने १८७९ च्या सुमारास क्रोमॅटिन असे नाव दिले. ग्रीक भाषेत क्रोमा म्हणजे रंग. याच काळात जर्मनीतील येना येथे आबे आणि त्साइस यांनी तेलात बुडवून वापरावयाची भिंगे तयार केली. त्यांतून पूर्वीपेक्षा पुष्कळच स्पष्ट दिसू लागले. अशा प्रकारे रंगाऱ्याची विद्या आणि भिंगकाराची विद्या एकाच मेजावर एकत्र आल्या.

आता निरीक्षणासाठी प्राणी कोणता घ्यावयाचा? फ्लेमिंगने सॅलॅमँडरची निवड केली. हा बेडकाच्या नात्यातला, पण शेपूट असलेला, पाहताच पालीची आठवण करून देणारा प्राणी आहे. आपल्या महाराष्ट्रात तो नाही. युरोपातील ओलसर जंगलांत मात्र आढळतो. त्याची पिले, म्हणजे डिंभ, पाण्यात वाढतात. या डिंभांच्या पेशी आकाराने मोठ्या असतात, त्यांच्या शेपटीचा पडदा आणि कल्ले पातळ असतात, आणि वाढीचे वय असल्याने तेथे पेशींचे विभाजन भराभर चालू असते. योग्य प्राणी निवडणे हा शास्त्रात निम्मा विजय असतो, आणि फ्लेमिंगची ही निवड अचूक होती.

पण रंगाने एक नवीच पंचाईत उभी केली. हे रंग चढविण्याआधी पेशीला आम्ले घालून मारावे लागे. तिच्यातील सर्व भाग जसेच्या तसे थिजावेत, म्हणून फ्लेमिंगने क्रोमिक, ऑस्मिक आणि ॲसेटिक या तीन आम्लांचे एक मिश्रण बनविले. ते पुढे त्याच्याच नावाने प्रसिद्ध झाले. आता मेलेली पेशी म्हणजे एक थांबलेला क्षण. काचपट्टीवर अशा शेकडो पेशी असत. एकीत सूत्रांचा गुंता, दुसरीत ताऱ्यासारखी मांडणी, तिसरीत दोन टोकांना दोन पुंजके. यांतील आधीची कोणती आणि नंतरची कोणती? एखाद्या नाटकाच्या प्रवेशांची पाने विस्कटून हाती द्यावीत आणि कथा सांग म्हणावे, तशी ही स्थिती होती. फ्लेमिंगने त्यावर जो मार्ग काढला, तो सोपा होता, पण फार चिकाटीचा होता. तो जिवंत डिंभ घेई, त्याच्या शेपटीतील एकाच पेशीवर दृष्टी खिळवून तासन् तास बसे, आणि अंधूक का होईना, जे आकार एकामागून एक दिसत त्यांचा क्रम लिहून ठेवी. मग तो रंगविलेल्या पेशींकडे वळे आणि प्रत्येक आकार त्या क्रमात कोठे बसतो, हे ताडून पाही. जिवंत पेशी क्रम सांगे, मेलेली पेशी तपशील सांगे. दोघींची साक्ष जुळली, तरच तो मान्य करी.

त्याला जे दिसले ते असे. प्रथम केंद्रकातील क्रोमॅटिन एकवटून त्याची लांब, बारीक सूत्रे होतात. ती हळूहळू आखूड आणि जाड होतात. केंद्रकाभोवतीची सीमा पुसट होऊन नाहीशी होते. मग ही सूत्रे पेशीच्या मधोमध, जणू एका ओळीत, येऊन उभी राहतात. येथे फ्लेमिंगच्या तीक्ष्ण दृष्टीला एक अतिमहत्त्वाची गोष्ट दिसली. प्रत्येक सूत्र उभे चिरलेले होते. काडी आडवी मोडावी तसे नव्हे, तर बांबूची उभी चीप काढावी, तसे त्याचे दोन सारखे भाग झालेले होते. मग हे भाग एकमेकांपासून दूर सरकतात, एक समूह एका टोकाकडे व दुसरा समूह दुसऱ्या टोकाकडे जातो, तेथे त्यांची पुन्हा केंद्रके बनतात, पेशी मध्ये आवळली जाते आणि एकीच्या दोन होतात. केंद्रक विरघळून नवे जमते, हे मत चुकीचे ठरले; ते मध्ये दाबले जाऊन तुटते, हे मतही येथे लागू पडेना. जुन्या केंद्रकातील द्रव्यच मोजूनमापून दोन नव्या केंद्रकांत वाटले जाते, हे स्पष्ट झाले. चिरलेल्या सूत्राचा एकेक अर्धा भाग एकेका कन्यापेशीस मिळतो, हे फ्लेमिंगचे अनुमान होते. घोड्याच्या आतड्यातील जंताची अंडी तपासून बेल्जियमच्या व्हान बेनेडेनने १८८३ मध्ये ते पक्के केले. वनस्पतींच्या पेशींतही असेच घडते, हे स्ट्रासबुर्गर या शास्त्रज्ञाच्या कामातून त्याच सुमारास दिसून आले.

१८८२ मध्ये फ्लेमिंगने आपले सारे संशोधन एका ग्रंथात एकत्र करून लाइपझिग येथून प्रसिद्ध केले. त्यातील चित्रे त्याने स्वतः काढलेली होती. अशा सूक्ष्म रचनांची चांगली छायाचित्रे घेणे त्या काळी फार अवघड होते, त्यामुळे शास्त्रज्ञाचा हात हाच त्याचा कॅमेरा असे. आजचे अभ्यासक ती चित्रे नव्या छायाचित्रांशेजारी ठेवून पाहतात, तेव्हा त्यांना त्यांत फारशी दुरुस्ती करावी लागत नाही. याच ग्रंथात त्याने या क्रियेला मायटोसिस हे नाव दिले. ग्रीक भाषेत मितोस म्हणजे सूत. मराठीत आपण या क्रियेला सूत्री विभाजन म्हणतो. म्हणजे फ्लेमिंगचे सूत आपल्या शब्दातही शिल्लक राहिले आहे. त्याच्या सूत्रांना क्रोमोसोम हे नाव मात्र त्याने दिलेले नाही, ते वाल्डायर याने १८८८ मध्ये दिले. आपण त्यांनाच गुणसूत्रे म्हणतो.

त्याच्या सगळ्याच गोष्टी बरोबर होत्या असे नाही. सॅलॅमँडरच्या पेशीत चोवीस सूत्रे असतात, हे त्याने बिनचूक मोजले. पण माणसाच्या डोळ्यातील पारपटलाच्या पेशी तपासून तेथेही संख्या चोवीसच्या आसपासच असावी, असे त्याला वाटले. माणसाची खरी संख्या शेहेचाळीस आहे, हे निश्चित होण्यास १९५६ साल उजाडावे लागले. ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्याच्या रोपांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधून १८६६ मध्ये छापले होते. फ्लेमिंगला त्यांची वार्ता नव्हती. ज्या सूत्रांची वाटणी तो इतक्या बारकाईने पाहत होता, त्यांतूनच आईबापांचे गुण मुलांत उतरतात, हा धागा जोडला गेला तो १९०० नंतर, आणि दुसऱ्यांच्या हातून.

आता त्याच्या शोधाचा जो भाग सर्वांत वादग्रस्त झाला, त्याकडे वळू. विभाजनाच्या वेळी रंग पिणाऱ्या सूत्रांखेरीज आणखीही काही तंतू फ्लेमिंगला दिसत. हे तंतू रंग फारसा घेत नसत. ते फिकट आणि कमालीचे बारीक होते. पेशीच्या दोन टोकांपासून ते निघत आणि मध्याकडे पसरत. सगळे मिळून त्यांचा आकार सूत भरलेल्या चातीसारखा होई, मध्ये फुगीर आणि दोन्ही बाजूंना निमुळता. म्हणून त्यास तर्कू असे म्हणतात. तर्कू म्हणजे चातीच. गुणसूत्रे याच तर्कूच्या तंतूंवरून टोकांकडे ओढली जात असावीत, असे वाटे. फ्लेमिंग त्याही पुढे गेला. विभाजन होत नसतानासुद्धा पेशीतील द्रव हा नुसता चिकट रस नसून त्यात बारीक धाग्यांची रचना असते, असे त्याने प्रतिपादन केले.

यावर मोठा वाद माजला. पेशीद्रव्य फेसासारखे आहे, असे एक पक्ष म्हणे. ते कणांचे बनले आहे, असे दुसरा म्हणे. सर्वांत जिव्हारी लागणारा आक्षेप आणखीच निराळा होता. अंड्याचा पांढरा बलक घ्या, त्यात जीव नाही, पेशी नाही, धागे नाहीत. त्यावर तीच आम्ले घाला. तो गोठतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्यात जाळ्या व धागे दिसतात! मग फ्लेमिंगचे तंतू तरी जिवंत पेशीत होते, की पेशी मारताना आम्लानेच ते निर्माण केले? १८९९ मध्ये आल्फ्रेड फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने असे प्रयोग करून हा आक्षेप जोराने मांडला. गुणसूत्रांच्या बाबतीत फ्लेमिंगपाशी उत्तर होते, कारण ती त्याने जिवंत पेशीतही पाहिली होती. तर्कूचे तंतू मात्र जिवंत पेशीत कोणालाच स्पष्ट दिसत नव्हते. दोन साक्षीदारांपैकी एक येथे मुका होता. आक्षेप घेणारे काही द्वेषाने बोलत नव्हते, त्यांचा प्रश्न रास्तच होता. पण त्या काळच्या कोणत्याही भिंगाला त्याचे उत्तर देता येत नव्हते.

फ्लेमिंगची प्रकृतीही आता ढासळली होती. मज्जासंस्थेच्या विकाराने त्याला ग्रासले. ज्या हाताने ती नाजूक चित्रे काढली, तो हात हळूहळू कामातून गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला प्राध्यापकपद सोडावे लागले. कीलमधील लोक त्याला केवळ विद्वान म्हणून ओळखत नव्हते. आपल्या वेतनातील काही भाग तो निराधारांच्या निवाऱ्यासाठी नेमाने देई, आणि ज्यांना शाळेचे तोंड पाहणे शक्य नव्हते अशा गरीब मुलांना स्वतः शिकवी. जगातल्या थोर शरीरशास्त्रज्ञांत ज्याची गणना होई, त्याने अशा मुलांना पाढे शिकवीत बसावे, ही गोष्ट मला त्याच्या ग्रंथाइतकीच मोलाची वाटते. ४ ऑगस्ट १९०५ रोजी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, कील येथे त्याचा अंत झाला. तंतू खरे की खोटे, याचा निकाल तोवर लागला नव्हता.

तो निकाल लागण्यास जवळजवळ अर्धे शतक गेले. शिन्या इनोउए या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेत काम करीत असता सूक्ष्मदर्शकाला ध्रुवित प्रकाशाची जोड देऊन तो स्वतः सुधारून घेतला. ज्या पदार्थात बारीक तंतू एकाच दिशेला मांडलेले असतात, तो अशा प्रकाशात आपोआप उजळून दिसतो. त्याला मारावे लागत नाही, रंगवावेही लागत नाही. १९५३ मध्ये इनोउएने लिलीच्या फुलातील परागपेशींच्या जनकपेशींत आणि एका सागरी कृमीच्या अंड्यांत तर्कूचे तंतू जिवंतपणी दाखविले. एवढेच नव्हे, तर पेशी थंड केली म्हणजे हे तंतू विरून जातात आणि पुन्हा ऊब दिली की थोड्याच मिनिटांत परत उभे राहतात, हेही त्याने दाखविले. आम्लाने गोठलेल्या बलकातील धागे असे मावळत आणि उगवत नाहीत. पेशीद्रव्यात फ्लेमिंगने काढलेले सगळेच धागे पुढे खरे ठरले असे नाही. पण तर्कूच्या बाबतीत निकाल त्याच्या बाजूने लागला.

पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि तंतूच्या आत डोकावता आले. १९६३ मध्ये लेडबेटर आणि पोर्टर यांनी वनस्पतींच्या पेशींत अतिसूक्ष्म नळ्या पाहिल्या. त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात. एका मिलिमीटरच्या रुंदीत अशा चाळीस हजार नलिका शेजारी शेजारी मावतील! फ्लेमिंगला जो एकेक तंतू दिसला, तो खरे म्हणजे अशा नलिकांचा जुडगा होता. या नलिका कशाच्या बनलेल्या आहेत, ते शोधण्यास कॉल्चिसिन नावाचे एक विष उपयोगी पडले. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वालांसारखी फुले येणारी कळलावी असते. तिच्या कंदात हेच विष असते, म्हणून त्या कंदाशी कोणी खेळू नये. हे विष पेशीत गेले की, तर्कू मोडतो व विभाजन अडून बसते. ते पेशीतल्या कोणत्या द्रव्याला चिकटते, याचा माग काढून बोरिसी आणि टेलर यांनी १९६७ मध्ये नलिकांचे प्रथिन वेगळे केले. त्यास ट्युब्युलिन हे नाव मिळाले. अंगणातील सदाफुलीपासून काढलेली व्हिंक्रिस्टिन आणि व्हिंब्लास्टिन ही कर्करोगावरील औषधेही याच प्रथिनाला धरतात, आणि बेसुमार वाढणाऱ्या पेशींचे विभाजन रोखतात.

पेशीत असा तंतूंचा एक सांगाडा असतो, हे आज सर्वमान्य आहे. पण हा सांगाडा आपल्या हाडांच्या सांगाड्यासारखा कायमचा नाही. तो मंडपासारखा आहे. काम संपले की सोडावा आणि त्याच बांबूंतून दुसऱ्या आकाराचा उभा करावा. एरवी सूक्ष्मनलिका पेशीभर पसरलेल्या असतात. निरनिराळे पेशीघटक त्यांच्या आधाराने आपापल्या जागी राहतात, आणि रस्त्यावरून गाड्या जाव्यात तसे त्यांच्यावरून इकडेतिकडे नेले जातात. विभाजनाची वेळ आली की, हे जाळे उलगडले जाते आणि त्याच प्रथिनाचा तर्कू उभारला जातो. पसरट पेशी अंग आवरून गोल होते. केंद्रकाचे पटल फाटते आणि पेशीतील इतर पातळ पटलांच्या जाळ्यात मिसळून जाते. केंद्रकाची सीमा पुसट होते असे फ्लेमिंगने नोंदविले होते, ते हेच. प्राण्यांच्या पेशींत गॉल्जी पिंडाच्या चळती सुटून त्याचे लहान लहान तुकडे होतात. पेशीला शक्ती पुरविणाऱ्या तंतुकणिका आखूड होऊन सर्वत्र विखुरतात. घर वाटून घेताना भावाभावांनी भांडी-कुंडी आधी मोकळी करून अंगणात मांडावीत, तसा हा देखावा असतो. मग तर्कूच्या नलिका टोकाशी झिजत आखूड होतात आणि गुणसूत्रांना दोन्हीकडे ओढून नेतात. वाटणी झाली की, विखुरलेले तुकडे दोन्ही घरांत पुन्हा जुळतात, आणि गुणसूत्रांभोवती नवे पटल गुंडाळले जाते.

पेशीच्या बाह्य पटलाचे काम त्यानंतरचे. त्याच्या आतल्या बाजूस, तर्कूच्या बरोबर मध्यावर, ॲक्टिन नावाच्या दुसऱ्या एका प्रथिनाच्या तंतूंचे कडे तयार होते. ज्या मायोसिनमुळे आपले स्नायू आकुंचन पावतात, त्याच्याच जातीचे प्रथिन येथे हे कडे आवळते. पिशवीच्या तोंडाची नाडी ओढावी, तसे पटल आत ओढले जाते. शेवटी दोन पेशींच्या मध्ये एक अरुंद पूल तेवढा उरतो. तर्कूच्या उरलेल्या नलिका त्या पुलात दाटीने कोंबलेल्या असतात, आणि त्याच्या मधोमध एक गडद ठिपका दिसतो. हा ठिपका फ्लेमिंगने १८९१ मध्ये पाहून त्याचे वर्णन केले होते. तो कशासाठी आहे, हे त्या वेळी कोणाला सांगता येणे शक्य नव्हते. आता कळले आहे ते असे की, पटल कापणारी प्रथिने येथेच गोळा होतात, ठिपक्याच्या बगलेशी पूल कापला जातो आणि दोन्ही पेशी सुट्या होतात. जीवशास्त्राच्या ग्रंथांत त्या ठिपक्याला फ्लेमिंगचे नाव आहे.